होळीला तुम्ही कुठे होतात?

एका मुलीनं माझा सल्ला मागणारं पत्र लिहिलंय. ती २३ वर्षांची आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून तिचं म्हणणं थोडक्यात देते. धरणगाव तालुक्यातलं गाव, घरची पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि थोडी ज्वारी. जळगावात खोली घेऊन राहून तिनं यंदा अर्थशास्त्रात एम. ए. पूर्ण केलं. बी. ए.ला असताना राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासींच्या एका पाड्यावर झालं होतं. तेव्हापासून "आपल्याला हेच करायचं आहे" हे तिच्या डोक्यातून जात नाही. वडील म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे, समाजसेवा भरल्या पोटी करायची असते. शेजारची काकू दिसली की विचारते, "मंग आते काय करशी?" तिला विचारायचं आहे ते असं : आधी एम. एस. डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करावं का? की सरळ नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एखाद्या संस्थेत जावं? पगाराचं विचारलं तर संस्थेला काय वाटेल? शेवटी एक वाक्य आहे, "माझ्या स्वतःच्या गावात करण्यासारखं तसं काही नाही."

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तू म्हणते.

तुझं पत्र हातानं लिहिलेलं आहे, वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवलेस. चार पानांत "सेवा" हा शब्द ११ वेळा आलाय. मोजला मी. "पगार" एकदाच आलाय, आणि तोही आधी खोडून मग पुन्हा लिहिलाय. म्हणून पगारापासूनच सुरुवात करते.

तुझे वडील चुकीचं बोलत नाहीत. त्यांचा काळजीचा मुद्दा तू "त्यांना समाजाचं काही पडलेलं नाही" असा वाचलास. कोरडवाहू पाच एकरांवर मुलीला जळगावात ठेवून एम. ए. करवणाऱ्या माणसाला "पुढे काय" विचारायचा हक्क आहे. आणि तुला संस्थेला "किती देणार" हे विचारायचा हक्क आहे. मी माझ्या पहिल्या ठिकाणी नाही विचारलं. लाज वाटली. पुढे आठ महिने मानधन आलं नाही, आणि मी ते आईपासून लपवण्यासाठी घरी जायचंच टाळायला लागले. त्या काळात मी कुणाचं भलं केलं असेन असं मला वाटत नाही. उपाशी कार्यकर्ती चिडकी होते, एवढंच मी अनुभवानं सांगू शकते.

हे क्षेत्र चालतं कशावर तेही समजून घे, अर्थशास्त्रवाली आहेस. २०१३च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगितलं. संस्थांकडे येणारा बराच पैसा आज त्या वाटेनं येतो, आणि तो प्रकल्पाच्या नावानं, ठरावीक मुदतीसाठी येतो. प्रकल्प संपला की कार्यकर्त्यांची नेमणूक संपते. पाड्यावरच्या बाईला मात्र तू "प्रकल्प" नसतेस, तू माणूस असतेस, आणि मार्च अखेरीला तू का दिसेनाशी झालीस हे तिला कुणी सांगत नाही. त्यामुळे मुलाखतीत विचार : हा पैसा किती दिवसांचा आहे, नेमणूकपत्र देता का, पीएफ कापता का, गाडीचं पेट्रोल कोण भरतं, आजारी पडले तर रजा किती. जी संस्था या प्रश्नांनी नाराज होते तिच्या हिशेबाच्या वह्या तशाच असतात, असा माझा अंदाज सहसा खरा ठरलाय.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. माझ्या गावात करण्यासारखं काही नाही.

तुझ्या गावात कपाशी वेचणाऱ्या बाया आहेत ना? किलोवर वेचणी देतात. वजन कोण करतं, काटा कुणाचा, उचल कुणाकडून घेतलेली असते, हे तुला माहीत आहे का? फवारणी करून आलेला माणूस त्याच कपड्यांत जेवायला बसतो ते तू लहानपणापासून पाहत असशील. गावात किती घरं अशी आहेत की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या नोंदीवर, बाईचं नाव नवऱ्याच्या जोडीनं लागलेलं आहे? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती तुमच्याकडे खरंच होते की रजिस्टरवर सह्या फिरतात? सातपुड्यातल्या पाड्यावर सात दिवसांत तुला जे दिसलं ते घरी २३ वर्षांत दिसलं नाही, यात तुझा दोष नाही. आपल्या गावात आपण अमक्याची पोरगी असतो, आणि अमक्याच्या पोरीनं काय बघायचं आणि काय नाही हे आधीच ठरलेलं असतं. पाड्यावर तुला कुणी ओळखत नव्हतं म्हणून तू मोकळ्या डोळ्यांनी बघू शकलीस.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा तू ऐकलं असशील, वनभाजी स्पर्धेमुळे तरी. तिथले चैत्राम पवार एम. कॉम. झाले आणि आपल्याच पाड्यावर राहिले. गेली तीसेक वर्षं गावानं मिळून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, स्वतःचे नियम केले, दंड ठरवले, आणि ४०० हेक्टरांच्या आसपास जंगल उभं केलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या. मला त्या बातम्यांपेक्षा आधीची वर्षं महत्त्वाची वाटतात, जेव्हा एक शिकलेला पोरगा रोज त्याच घरांसमोर उभा राहत होता आणि "नोकरी का लागली नाही याला" असं कुजबुजलं जात असणार.

उलट उदाहरणही खानदेशातलंच आहे. १९७२च्या सुमाराला शहाद्याकडे पुण्यामुंबईची शिकलेली तरुण मंडळी आली, आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी श्रमिक संघटना उभी राहिली, आणि तिनं पुढे बरंच काही घडवलं. पण ती मंडळी रिकाम्या जागी आली नव्हती. अंबरसिंग महाराज तिथे आधीपासून गावोगाव भजनं म्हणत लोकांना जमवत होते, अन्यायाच्या तक्रारी घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होते. बाहेरचे लोक त्यांच्या कामाला येऊन मिळाले. १९७४ला महाराज गेले. शहाद्याकडच्या जुन्या माणसांसमोर हे नाव काढून बघ कधी.

म्हणजे घर की डोंगर, असा हा प्रश्नच नाही. तिथे आधीपासून कोण राबतंय आणि तू त्याच्या हाताखाली काय शिकशील, हे बघ. मुलीसाठी तर काही वर्षं आपल्या गावापासून लांब असणं मी चांगलंच समजते, भावकीच्या नजरेतून सुटल्याशिवाय आवाज फुटत नाही. फक्त डोंगरात गरीब राहतात आणि आपल्या गल्लीत आपले लोक राहतात, असा हिशेब मनात धरून घाट चढू नकोस.

माझी एक फजिती सांगते, शीर्षक तिथूनच घेतलंय.

तीसेक वर्षांपूर्वी मी धडगावकडे होते. तुझ्यासारखीच नवी कोरी डिग्री. मे महिन्यात एका पाड्यावर गेले तर अंगणात कैऱ्यांचा ढीग पडलेला, भोवती तीन बाया बसून साल काढत होत्या. चिकानं बोटं काळी पडलेली, नखांच्या कडा फाटलेल्या. काप काढून समोरच्या खडकावर पसरायचे, उन्हात करकरीत वाळू द्यायचे, की झालं आमचूर. पश्चिमेला ढग दिसला की तिघी उठून सगळं गोळा करायला धावायच्या, कारण पाणी लागलं की आमचूर काळं पडतं आणि काळ्याचा भाव पडतो. पोरंसुद्धा त्या धावपळीत होती. मी वहीत लिहिलं : बाजारपेठेची माहिती नाही, मधला व्यापारी लुटतो, सामूहिक विक्रीची गरज. तासभर समजावून सांगितलं की सगळ्यांचं आमचूर एकत्र करून नंदुरबारला नेलं तर किलोमागे किती जास्त मिळतील. आकडेही बरोबर होते. त्यातली वयस्कर बाई नीट ऐकत होती. मला पाणी दिलं. मग म्हणाली, भाव तुमचा चांगला आहे, पण होळीला तुम्ही कुठे होतात?

मला काही कळेना. मग उलगडलं. होळीच्या आधी घरात दाणा संपलेला असतो, सणाला कपडा लागतो, एखादं लग्न निघालेलं असतं. त्या वेळी दुकानदारानं तिला धान्य आणि रोख दिली होती, आणि ती देतानाच मे महिन्याचं आमचूर त्याचं झालं होतं. झाडावर मोहोर असतानाच माल विकला गेलेला. नंदुरबारचा भाव तिला माझ्याइतकाच ठाऊक होता. तिला माहितीची गरज नव्हती, फाल्गुनात हातात पैसा हवा होता. पुढे बचत गटातून होळीआधी कर्ज द्यायला सुरुवात केली, त्यातही पहिल्या दोन वर्षांत पाचसहा घरंच दुकानदाराच्या वहीतून सुटली. बाकीच्यांना आम्ही देत होतो त्यापेक्षा जास्त रक्कम लागायची, आणि रात्री बाराला दार वाजवलं तरी दुकानदार उठायचा. आमचं कार्यालय पाचला बंद.

हे मी इतकं लांबवलं कारण "मला काहीच येत नाही, आधी एम. एस. डब्ल्यू. करून तयार होऊ का" या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. कॉलेजातून तू कितीही तयार होऊन निघालीस तरी होळीचं कळायला तिथे होळी काढावी लागते. आणि तुला काहीच येत नाही हेही खरं नाही. कर्ज, व्याज, हंगामी रोकड यांची गणितं तुला येतात. फक्त ती दुकानदाराच्या वहीत वाचायची सवय हवी.

एम. एस. डब्ल्यू.ला मी नाही म्हणत नाही. त्यात क्षेत्रकार्य असतं, अनुभवी शिक्षक मिळाला तर दृष्टी येते, आणि काही सरकारी व रुग्णालयातल्या जागांना ती पदवी लागतेच. खानदेशात समाजकार्याची महाविद्यालयं आहेत, ग्रामीण कामासाठी तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. पण तू आत्ताच एक पदव्युत्तर पदवी घेऊन उठलीस. लगेच दुसरी घेणं म्हणजे काकूच्या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षं पुढे ढकलणं, असा माझा संशय आहे. खोटा असेल तर सोडून दे. आधी दोन वर्षं काम कर, मग शिकायला गेलीस तर वर्गात तुझ्याकडे विचारायला प्रश्न असतील.

पहिल्या वर्षासाठी फेलोशिपचा मार्ग बरा. एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची आहे, पदवीधरांना घेतात, ग्रामीण भागातल्या संस्थेसोबत ठेवतात आणि निर्वाहभत्ता देतात. घरच्यांना सांगायला मुदत असते, नाव असतं. गडचिरोलीचं बंग दांपत्याचं "निर्माण" २००६पासून तरुणांची शिबिरं घेतं, ते नोकरी देत नाही पण आपल्यासारखे वेडे आणखी आहेत हे समजतं, आणि त्याचा उपयोग तुला वाटतो त्याहून जास्त होतो. जवळचं हवं असेल तर बायांच्या बचत गटांसाठीच्या "उमेद" या सरकारी अभियानात तालुक्याच्या पातळीवर कंत्राटी जागा निघतात. गटांच्या बैठका, बँकेच्या फेऱ्या, नोंदी. काम रुक्ष आहे, आकडे भरण्याचा ताण असतो, पण बायांचा पैसा कसा फिरतो हे इतकं जवळून दुसरीकडे क्वचित बघायला मिळेल. छोटी स्थानिक संस्था हा आणखी एक मार्ग. तिथे शिकायला सगळ्यात जास्त मिळतं आणि पगार सगळ्यात अनिश्चित. जाशील तर आधी महिनाभर राहून बघ, आणि संस्थेच्या गाडीतून न जाता एसटीनं त्यांच्या गावांत जा. संस्थेचं नाव घेतल्यावर लोक कुणाचं नाव सांगतात ते ऐक. कार्यकर्त्याचं नाव सांगितलं तर जा. "ते फोटोवाले" म्हणाले तर विचार कर.

कागद शिकून घे. याला पर्याय नाही. नंदुरबार, चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, कुठेही डोंगराकडे गेलीस की वनहक्क, म्हणजे कसत आलेल्या जंगलजमिनीवरचा आणि जंगलावरचा लोकांचा हक्क, येणारच. २००६चा कायदा, २००८चे नियम. वैयक्तिक दावा नमुना अ, सामूहिक ब, वनस्रोताचा क. १३ डिसेंबर २००५च्या आधीचा ताबा, जास्तीत जास्त ४ हेक्टर, ग्रामसभेची वनहक्क समिती, मग उपविभागाची समिती, मग जिल्ह्याची, आणि निर्णय पटला नाही तर अपिलाला ६० दिवस. हे तोंडपाठ असलेली मुलगी पाड्यावर गेली की तिला चटईवर बसवतात. मी स्वतः एका गावचे दावे छान अक्षरात भरून कचेरीत देऊन आले होते. पोच घेतली नाही. वर्षभरानं विचारायला गेले तर असे कागद आलेच नाहीत म्हणाले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. सगळे दावे पहिल्यापासून भरले, आणि त्या वर्षात साक्ष द्यायच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक वारला होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत कार्बन पेपर असायचा, आता झेरॉक्स असते. कुठलाही अर्ज, अगदी रोजगार हमीचं काम मागायचा असला तरी, सही शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

भाषेचंही तसंच. घरी तुम्ही अहिराणी बोलता, ती चोपड्याच्या बाजारापर्यंत पुरेल. पाड्यावर पावरी लागेल, नवापूरकडे मावची, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी. पुस्तकाची वाट बघू नकोस, पोरांकडून शिक. ती हसतात, आणि हसता हसता पुरुषांसमोर न बोललेल्या गोष्टी बाया बोलून जातात.

आईच्या काळजीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. ती ओळ मी दोनदा वाचली. मुक्कामाला कुठे राहशील, रात्री गाडी नाही मिळाली तर काय, लग्नाचं काय. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं आहेत : दुचाकी शीक आणि लायसन काढ, संस्थेला राहण्याची जागा आणि सोबतीची दुसरी बाई कार्यकर्ती आहे का हे नेमणुकीआधी विचार, शेवटची गाडी किती वाजताची हे प्रत्येक गावात पहिल्यांदा विचार. आणि आईला एकदा तिथे घेऊन जा. माझी आई दोन दिवस राहून गेली, येताना पाड्यावरच्या बायांना तिनं भरताची वांगी नेऊन दिली होती, त्यानंतर तिनं कधी परत ये म्हटलं नाही. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. स्थळ बघायला येणाऱ्यांसमोर "मुलगी काय करते" याचं एका वाक्यात उत्तर द्यायला घरच्यांना शिकवून ठेव, एवढंच.

राहिली स्पर्धा परीक्षा. तिचा तिरस्कार करू नकोस. डोंगरातल्या लोकांना चांगल्या कार्यकर्तीइतकीच चांगल्या गटविकास अधिकाऱ्याची गरज असते, कधी कधी जास्त. पण "दोन्ही बघते" असं म्हणून जळगावच्या अभ्यासिकेत पाच वर्षं खुर्ची अडवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत, ती ना इकडची राहिली ना तिकडची. वडिलांशी बसून मुदत ठरव. समजा, दोन वर्षं मी पगारी काम करते, घरी इतके पैसे पाठवते, आणि त्यानंतर आपण पुन्हा बसू. शेतकरी माणसाला दोन हंगामांचा वायदा कळतो.

असंच पत्र कृषी पदवीच्या दोन मुलांचं आणि एका इंजिनीअर झालेल्या मुलाचंही आलंय. त्यांना वेगळं लिहीत नाही. फक्त इंजिनीअर मुलाला : ॲप बनवायच्या आधी गावात रेंज कुठल्या झाडाखाली येते ते बघून ये.

आणि तू, संस्थांना अर्ज करायच्या आधी, दोन गोष्टी कर. येत्या ग्रामसभेला तुझ्या स्वतःच्या गावात जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांच्या आसपासची जी पुढे असेल ती. बोलू नकोस, मागे बायांमध्ये बस आणि कोण कुणाकडे बघून हात वर करतं ते बघ. घरी येऊन लिही. शिबिराच्या अहवालापेक्षा ते पान मला आधी वाचायला आवडेल.

दुसरी गोष्ट, तू पत्रासोबत शिबिराचा फोटो पाठवलास. तू एका म्हातारीच्या ओट्यावर बसलीस, तिचा हात तुझ्या डोक्यावर आहे, आणि दोघी हसताय. तीन वर्षं तो तुझ्या मोबाइलवर आहे, तिच्याकडे नसेल. जळगावात कुठल्याही स्टुडिओत थोड्या पैशांत प्रिंट निघते. त्या शिबिरात काढलेले जेवढे चेहरे ओळखू येतात तेवढे छापून घे, चोपड्याची गाडी पकड आणि ज्याचे त्याला देऊन ये. त्या म्हातारीचं नाव तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. गेलीस की विचारून घे.